खिळे काढायला हत्यार कोणतं? जुन्या लाकडाला पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

अमळनेर तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर उतरवायला काढलं तेव्हा माझ्याकडे एक पहार होती आणि उत्साह भरपूर होता. धाब्यावरची माती खाली आली, तुळया मोकळ्या झाल्या, आणि मधल्या खोलीचा सागवानी दरवाजा सोडवायला मी स्वतः बसलो. पहारीचं टोक चौकटीत घालून जोर लावला. खिळा जागचा हलला नाही, चौकटीची मात्र हातभर ढलपी निघून अंगणात पडली. शेजारचे सुतारआप्पा ओट्यावर बसून सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "तुले खिया काढना शे का लाकूड फाडनं शे?"

(आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. गावाकडच्या दुकानात कुणी 'खिये द्या' म्हणालं तर बावचळू नका.)

हार्डवेअरच्या दुकानात शिरायच्या आधी आप्पांचाच प्रश्न स्वतःला विचारायचा. नवे लोक दुकानात जाऊन 'खिळे काढायचं काहीतरी द्या' म्हणतात आणि दुकानदार हाताला येईल ते देतो. चूक त्याची नाही. त्याला तुमचं लाकूड दिसलेलं नसतं.

पहिलं काम: काय वाचवायचं ते ठरवा

सेंट्रिंगवाल्यांकडे बघा. स्लॅब उघडला की फळी त्यांना पुन्हा लागते आणि खिळाही पुन्हा लागतो. दोन गडी फळ्या उपटतात, तिसरा दगडावर खिळे ठोकून सरळ करत बसतो. फळीला खड्डा पडला तरी त्यांना फिकीर नसते, तिच्यावर पुन्हा काँक्रीटच पडणार असतं. त्यांचं काम जड पहारीने आणि हातोडीने झकास होतं. त्यांचं बघून तुम्ही तीच पहार आजोबांच्या कपाटाला लावली, तर माझ्या चौकटीचं झालं तेच होईल.

जुनं सागवान, शिसम, नक्षीची पट्टी, देव्हारा असेल तर लाकूड वाचवायचं, खिळा तुटला तरी चालेल. जळगावच्या एमआयडीसीतून आणलेलं पॅलेट (माल रचायची लाकडी फळ्यांची चौकट) असेल तर बारीक फळ्या फुटू द्यायच्या नाहीत, पण थोडे ओरखडे चालतात. आणि चुलीत घालायचं लाकूड असेल तर हत्यारच घेऊ नका. जाळा, आणि राख गार झाली की तिच्यातून चुंबक फिरवून खिळे वेचा. राख तशीच उकिरड्यावर टाकली तर ते खिळे पुढे शेतात जातात, आणि तिथून बैलाच्या पायात नाही तर ट्रॅक्टरच्या टायरमध्ये.

दुसरं काम: खिळ्याचं डोकं आणि टोक बघा

डोकं वर आलेलं आहे, लाकडाला टेकलेलं आहे, आत रुतलेलं आहे की मुळात नाहीच? या एका गोष्टीवर हत्यार ठरतं. मग फळी उलटी करा आणि टोक बघा. जुन्या दरवाज्यांत आणि पेट्यांत टोक पलीकडे काढून मुरडून ठोकलेलं असतं. मुरडलेलं टोक न बघता डोक्याकडून ओढायला लागलात, तर खिळा येणार नाही आणि आला तर मागचं लाकूड सोबत घेऊन येईल. आधी मागचं टोक जुन्या पेचकसाने उचकटून उभं करायचं, हातोडीने दोन-चार ठोके देऊन खिळा उलटा ढकलायचा, आणि डोकं वर आलं की मग पुढून धरायचा.

खिळा तारेचा आहे की घडीव, हेही बघून घ्या. ऐंशी-शंभर वर्षांच्या घरांत लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे सापडतात, वर जाड आणि खाली निमुळते. दिसायला ते भीतीदायक, पण स्वभावाने गरीब. निमुळते असल्यामुळे एकदा जागेवरून बोटाच्या पेराइतके सरकले की सगळी पकड सुटते आणि हाताने निघतात. दुकानातला तारेचा खिळा वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचा असतो, तो शेवटच्या अर्ध्या इंचापर्यंत भांडतो. घडीव खिळ्याला पहिल्या हिसक्यातच सगळी ताकद लावू नका, त्याचं डोकं तुटेल. हलवा, थांबा, पुन्हा हलवा.

पहिली खरेदी: जंबूर

माझं मत विचाराल तर पहिले पैसे जंबुरावर घाला. खेकड्याच्या नांग्यांसारखा गोल जबडा असतो, त्याला काही दुकानांत 'पिन्सर' म्हणतात. साधी पक्कड देऊ केली तर घेऊ नका. पक्कड खिळा धरते, पण तिला टेकायला गोल पाठ नसते, त्यामुळे सगळं ओढकाम मनगटावर येतं. जंबुराचा खेळ त्या गोलाईतच आहे.

वापरायचा असा. जबड्याने खिळा लाकडाच्या अगदी लगत धरायचा, पण कचकचून दाबायचं नाही, नाही तर बारीक चुका (लहान खिळा) तिथेच कापला जाईल. मग ओढायचं नाही. जंबूर त्याच्या गोल पाठीवर एका बाजूला लोळवायचा. खिळा चार-पाच मिलिमीटर वर येतो. सोडा, पुन्हा लाकडाच्या लगत धरा, आता दुसऱ्या बाजूला लोळवा. तीन-चार वेळा असं केलं की खिळा हातात. लोळवताना शक्यतो रेषांच्या दिशेने लोळवा. आडवं लोळवलं तर लाकूड दबून खळगा पडतो. पाठीखाली पातळ पत्रा ठेवला तर लाकडावर वळ उठत नाही. मी घरातलं जुनं उलथनं ठेवतो. बायकोने ते स्वयंपाकघरातून कायमचं बाद केलं आहे.

दुकानात पारखायचं ते असं. जबडा मिटून उजेडाकडे धरा. दोन्ही धारांमधून उजेडाची रेघ दिसली तर ठेवून द्या, असा जंबूर बारीक चुक्यावरून घसरतो. मग दांडे थोडे उघडून बाजूला हलवून बघा. जोडाची खीळ ढिली असेल तर जबडा तिरका बसतो. ८ इंची जंबूर घरकामाला पुरतो. ३ इंची खिळ्यांची कामं असतील तर १० इंची घ्या, लांब दांड्याने जोर कमी लागतो. टापरियासारख्या कंपनीचा घेतला (तिचा कारखाना शेजारी नाशिकलाच आहे), तर पोरांच्या हाती देता येईल इतकी वर्षं टिकतो.

बिनडोक्याचा खिळा, तुटका खिळा, आणि ज्याचं डोकं पुढच्या बाजूला लाकडात दडलंय असा बारीक खिळा, या तिघांना जंबूरच. शेवटच्यासाठी एक युक्ती आहे. नक्षीची पट्टी किंवा कपाटाची झालर सोडवली की खिळे तिच्यातच राहतात. ते पुढून उपटू नका. पट्टी पालथी घाला, मागे आलेलं टोक जंबुरात धरा आणि खिळा मागूनच ओढून घ्या. डोकं लाकडातून आरपार मागे येतं आणि पुढच्या पॉलिशला धक्का लागत नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला खोटं वाटलं होतं.

नखाची हातोडी

क्लॉ हॅमर बहुतेकांच्या घरात असतेच, आणि डोकं वर आलेल्या खिळ्याला तिच्यासारखं सोपं काही नाही. नवी घेणार असाल तर ४५० ते ५०० ग्रॅमची घ्या. नखं दोन तऱ्हेची येतात, जास्त वाकलेली आणि जवळजवळ सरळ. वाकलेली खिळा काढायला बरी, कारण हातोडीचं डोकं लाकडावर लोळतं. सरळ नखं फळ्यांच्या फटीत घालून उचकटायला बरी. खिळेच काढायचे असतील तर वाकलेली.

दुकानात जाताना खिशात आपल्या लाकडातले तीन खिळे टाका: सगळ्यात बारीक, मधला आणि सगळ्यात जाड. नखांच्या मधली फट आतल्या टोकाला किती निमुळती होत जाते ते या तिघांवर तपासा. स्वस्त हातोड्यांची फट आतही रुंद राहते, मग १४ गेजचा, म्हणजे साधारण २ मिलिमीटरचा चुका डोक्यासकट त्यातून निसटतो. फटीच्या आतल्या कडा बोटाने चाचपा. कडा तासलेल्या आणि टोकदार असतील तर खिळ्याच्या अंगाला चावतात, गोलगरगरीत असतील तर फक्त डोक्याखाली अडकतात. मी एकदा बाजारातून स्वस्त म्हणून एक उचलली. तिसऱ्याच खिळ्याला दांडा डोक्यापाशी मोडला आणि लोखंड माझ्या कानाजवळून पत्र्यावर गेलं. तेव्हापासून दांडा डोक्यात घट्ट बसलाय का आणि लाकडी असेल तर रेषा लांबीला धरून आहेत का, हे बघितल्याशिवाय मी हातोडी घेत नाही.

आता थोडं गणित. दांडा ३३ सेंटिमीटर आणि टेकू खिळ्यापासून साडेतीन-चार सेंटिमीटरवर धरला, तर तुमच्या हाताचा जोर आठ-नऊ पट होतो. दांडा १५ किलोने ओढला तर खिळ्यावर एकशे वीस ते एकशे पस्तीस किलोचा ओढा पडतो. पण खिळा जसा वर येतो तसं हातोडीचं डोकं लाकडावरून लोळत पुढे जातं, टेकू खिळ्यापासून लांब सरकतो, जोर घटतो, आणि ओढ सरळ वर न राहता तिरकी होते. लांब खिळा अर्ध्यावर वाकतो तो यामुळेच. म्हणून खिळा इंचभर वर आला की हातोडीच्या डोक्याखाली लाकडाचा ठोकळा सरकवा. एका ठोकळ्यावर भागलं नाही तर दोन. भुसावळकडच्या एका सेंट्रिंग मिस्त्रीने मला सांगितलं होतं, "ठोकळा नसेल तर हातोडी उचलायचीच नाही." मी उचलतो अधूनमधून, आणि दर वेळी पस्तावतो.

आणखी एक. डोकं लाकडाला टेकलेलं असलं की नवखे लोक नखं खिळ्याशी लावून हातोडीच्या तोंडावर दुसरी हातोडी मारतात. हे करू नका. दोन्ही तोंडं कडक पोलादाची असतात, एकमेकांवर आपटली की कपचा उडतो आणि डोळा शोधतो.

टेकलेलं डोकं वर कसं आणायचं

फळी फळीवर ठोकलेली असेल तर 'मांजराचा पंजा' (खाचेचा छोटा गज, तो पुढे येतो) लागतच नाही. दोन फळ्यांमध्ये, खिळ्याच्या अगदी जवळ, चपटी कटावणी घाला आणि वरची फळी अर्धा सेंटिमीटर उचला. मग कटावणी काढा आणि खिळ्याच्या बाजूला लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने फळी परत खाली बसवा. फळी खाली जाते, खिळ्याचं डोकं मात्र वरच राहतं. आता नखं त्याच्याखाली जातात. आप्पा हे इतक्या सहज करायचे की बघणाऱ्याला वाटावं, फळीच खिळा थुंकून टाकतेय.

या कामासाठी कटावणी चपटी हवी, गोल पहार नको. रुंद पातळ टोकाने जोर लाकडावर पसरतो. पहारीचं टोक एकाच जागी रुततं, माझ्या चौकटीचा बळी तसाच गेला. १२ ते १५ इंची पुरते. पहार ठेवा ती तुळया, दगड आणि चौकटीचे पाय उचकटायला.

डोकं आत रुतलेलं असेल, वर लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेला असेल, तर आधी चुंबक फिरवून जागा शोधा आणि जुन्या पेचकसाने लांबी कोरून काढा. तरीही धरायला जागा मिळाली नाही तर टोकाला वाकवलेला, खाच पाडलेला छोटा गज लागतो. इंग्रजीत त्याला मांजराचा पंजा म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे. खाच डोक्याशेजारी टेकवून हातोडीने ठोकायची, ती लाकडात घुसून डोक्याखाली जाते, मग दांडा मागे ओढायचा. लाकडाला खड्डा पडणारच. दिसत्या बाजूला हे हत्यार लावूच नका.

हा गज लहान गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. मी माझा आठवडे बाजारात लोहाराकडून ट्रकच्या पाट्याच्या लोखंडाचा करून घेतला. फक्त 'पाणी जास्त देऊ नका' (म्हणजे तापलेलं लोखंड बुडवून फार कडक करू नका) हे सांगायला विसरू नका. फार कडक पाणी दिलं तर खाचेचं टोक हातोडीच्या घावाने तुटतं. अर्धवट पाणी, म्हणजे वाकेल पण तुटणार नाही असं. जुन्या सुताराकडे वाकस (लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार) असेल तर तिच्या पात्यातली खाचही बघा, काही वाकशींना खिळा अडकवायला ती मुद्दाम ठेवलेली असते.

गंजलेला, चिकटलेला, हट्टी

गंजलेला खिळा ओढायच्या आधी आत ठोका. उलटं वाटेल, पण एक हलका ठोका दिला की गंजाची लाकडाशी जुळलेली पकड तुटते, बारीक 'कट्' असा आवाज येतो, आणि मग तो वर यायला तयार होतो. आवाज आला नाही तर पुन्हा एक ठोका. बाभळीच्या लाकडात, विशेषतः जुन्या बैलगाडीच्या साट्यात, खिळ्याभोवती निळसर काळं वर्तुळ दिसेल. बाभळीतलं टॅनिन लोखंडाला लागून होतं ते. खिळा काढून ते जात नाही, त्यामुळे उगाच घासत बसू नका. गंजावर रॉकेल किंवा तेल ओतायचा सल्ला सगळेच देतात. पॉलिश करायचं लाकूड असेल तर मी देत नाही. तेल खिळ्यापेक्षा लाकडात जास्त मुरतं आणि पुढे पॉलिश धरत नाही.

डोकं तुटून खिळा लाकडाच्या पातळीला राहिला तर तीन वाटा आहेत. बाजूने बारीक पटाशीने थोडं कोरून जंबुराला जागा करा. किंवा सुंब्याने (निमुळत्या टोकाच्या लोखंडी दांडीने) ठोकून पलीकडे काढा. किंवा दिसत नसेल आणि तिथे रंधा चालणार नसेल तर आत दाबून वर लांबी भरा आणि विसरून जा.

पॅलेटचे खिळे वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्या अंगावर पीळ किंवा कडी असतात, सुटू नयेत म्हणूनच. जंबूर हरतो, हातोडी डोकं तोडते, फळी चिरते. तिथे ओढायचा नाद सोडा. कटावणीने फळी आणि ठोकळा यांच्यात थोडी फट करा आणि लोखंड कापायचं हॅक्सॉचं नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून, फटीत घालून खिळाच कापा. वेळ लागतो, पण फळी अखंड येते. उरलेलं डोकं सुंब्याने मागून ठोकलं की निघतं. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीच्या चित्राशेजारी रोमन अक्षरांतला शिक्का असतो. 'एच टी' म्हणजे उष्णतेने किडी मारलेल्या, 'एम बी' म्हणजे मिथिल ब्रोमाईड या विषारी वायूने. 'एम बी' दिसलं तर ते लाकूड घरात आणू नका, जाळूही नका.

कधी काढायचे

जमलं तर उन्हाळ्यात. लाकूड सुकून आकसतं, फळ्यांच्या फटी उघडतात, कटावणीला शिरायला जागा मिळते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून खिळ्याला आवळतं. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा उन्हात पडलेली पहार उघड्या हाताने उचलून बघा, पुढच्या वेळी आपोआप सावलीत ठेवाल. सकाळी सात ते दहा काम करा.

पायात बूट हवेत. चप्पल घालून खिळे काढणारा माणूस स्वतःच्याच खिळ्यावर पाय देतो, यात अपवाद मी तरी पाहिला नाही. डोळ्यांवर चष्मा. खिळा पायात गेला तर 'गंज नव्हता, मग काही नाही' म्हणून बसू नका. धनुर्वात गंजाने होत नाही, मातीत आणि शेणात असणाऱ्या जंतूंनी होतो, आणि गोठ्याच्या लाकडाला दोन्ही लागलेलं असतं. जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारा.

काढल्यावर

काढलेला प्रत्येक खिळा थेट डब्यात टाका, जमिनीवर नाही. दुधाच्या पावडरचा रिकामा डबा आणि त्याच्या तळाला बाहेरून चिकटवलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक, एवढी सोय पुरते. डबा कलंडला तरी खिळे सांडत नाहीत. २ इंचांच्या वरचे सरळ करून ठेवा, बारीक चुके भंगारात घाला.

फळी सॉ मिलला चिरायला नेणार असाल तर त्याआधी दोन्ही बाजूंनी चुंबक हळूहळू फिरवा. जिथे ओढ जाणवेल तिथे खडूने गोल करा. आत तुटून राहिलेल्या खिळ्यांनाही गोल करा, लपवू नका. एका खिळ्याने पात्याचे दात गेले तर मिलवाला त्याचे पैसे मागतो, आणि पुढच्या वेळी तुमचं जुनं लाकूड दारातूनच परत पाठवतो. माझ्या त्या चौकटीत पाच गोल निघाले होते. तीन मी काढले. उरलेले दोन मिलवाल्याने बघितले, पेन्सिलने फळीवर रेघ मारली आणि त्या रेघेच्या अलीकडूनच चिरून दिली.